शेवटच्याने पाणी भरायचं

आमच्या भागात कालवा आला तेव्हा तो आपल्यासाठी आला असं कोणालाच वाटलं नाही, आणि ते बरोबरच होतं. कंपनीला पश्चिमेकडचं धान्य डब्लिनला न्यायचं होतं आणि वाटेत आम्ही पडत होतो. तेव्हा आमच्याच माणसांनी तो खणला आणि खणून झाल्यावर काठावर उभं राहून होड्या जाताना बघितल्या. किलव्हाराचं कब्रस्तान कालव्याच्या दक्षिणेला राहिलं, माणसं उत्तरेला. कंपनीने पूल बांधायचं कबूल केलं होतं आणि तो बांधलाही. फक्त बराच पुढे, लॉर्डसाहेबांच्या शिकारीच्या रानापाशी, जिथे आमच्या मेलेल्यांचं काही काम नव्हतं.

मग मेलेली माणसं होडीतून जाऊ लागली. कब्रस्तानाच्या बाजूला सगळी दलदल. टणक जागा एकच, किलव्हाराच्या लॉकचा दगडी काठ. लॉक म्हणजे दोन दारांमधली खोल दगडी पेटी. वरच्या दाराची झडप उचलली की पेटी भरते, खालच्या दाराची उचलली की रिकामी होते, आणि आत बसलेली होडी पाण्याबरोबर चढते किंवा उतरते. शवपेटी घेऊन होडी आत यायची, पेटी भरली की काठाच्या पातळीला लागायची आणि मयत खांद्यावर जायचं. वरून, म्हणजे नॉकबेगहून येणाऱ्या होडीला आत शिरायला पेटी भरलेली लागे. खालून, डेरीमोरहून येणाऱ्या होडीला रिकामी. एका वेळी एकच होडी. तीसेक वर्षं यात कोणाला काही अडचण दिसली नव्हती, कारण दोन मयतं एका दिवशी आली नव्हती.

दुसरी गोष्ट आमच्याकडे कोणी कोणाला सांगत नाही, कारण ती माहीत नसलेलं माणूस आमच्याकडे जन्माला येत नाही. कब्रस्तानात जो शेवटचा पुरला जातो त्याला शुद्धिस्थानात पापं फेडत बसलेल्या तहानलेल्या आत्म्यांसाठी पाणी वाहावं लागतं. पुढचा येईपर्यंत. पुढचा आला की बादल्या त्याच्या हातात. फादर कडिही या समजुतीवर दर वर्षी एक कडक प्रवचन देत. स्वतःच्या बहिणीचं दफन मात्र त्यांनी घाईघाईने सकाळी उरकलं होतं, कारण दुपारी दुसरं एक ठरलं होतं.

मॅलकी रिग्नी मे महिन्यात वारला, ही त्याची चूक. जानेवारीत वारला असता तर खोकल्याने आठवड्याभरात कोणीतरी मागोमाग आलाच असता. मे महिन्यात आमच्या परगण्याची तब्येत लाज वाटावी इतकी चांगली असते. मॅलकी तरुणपणापासून कालव्यात उभा. आधी तळ गळू नये म्हणून चिकणमाती पायांनी तुडवायला, नंतर गाळ आणि शेवाळ उपसायला. शेवटी शेवटी त्याचे गुडघे नवलकोलासारखे झाले होते. मरताना त्याने बायकोला एवढंच सांगितलं, "सबीना, तिथे तरी मला कोरडं ठेव."

"ठेवीन," सबीना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नॉकबेगला विनी गिनन वारली. नव्वदीची बाई, कित्येक वर्षं आज-उद्या करत होती, आणि नेमका हाच मुहूर्त तिने धरला. गिनन आणि रिग्नी यांचं वैर होतं. कारण दोन्हीकडे वेगवेगळं सांगत, म्हणजे वैर चांगलं मुरलेलं होतं. प्रत्येक जत्रेत ते एकमेकांची डोकी फोडत आणि सोमवारी एकाच होडीवर दलदलीतलं वाळवलेलं जळण भरत. विनीचा नातू बार्टली आणि सबीनाचा मुलगा लॅरी तर एकाच होडीवर होते. जत्रेत बार्टलीने लॅरीचा दात पाडला होता आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी मऊ पाव आणला होता.

रिग्नींनी दफन बुधवारी ठरवलं. ते कळताच गिननांनी आजीच्या मयतापाशी बसायचं जागरण एका रात्रीत आटोपलं, जे आमच्याकडे अपमानास्पद मानतात, आणि तेही बुधवारीच निघाले.

सकाळी लॉकवर दोन्हीकडची माणसं होड्यांच्या आधीच हजर. हातात काठ्या, मयताला जाताना काठी घेतात. लॉकचा रखवालदार हॅकेट, कंपनीचा माणूस, प्रोटेस्टंट, खिडकीत चहा पीत होता. पेटी भरलेली होती.

"हॅकेटसाहेब, पेटी रिकामी करा," लॅरी म्हणाला.

"होडी कुठाय?"

"येतेय."

"आली की बघू."

"भरलेलीच राहू दे रे म्हाताऱ्या," विनीचा पुतण्या ह्यूई गिनन पलीकडून ओरडला. "आमची काकू निघालीय."

"तुमची काकू माझ्या जन्माआधीपासून निघालेलीच आहे," लॅरी म्हणाला. "अजून तासभर थांबली तर काय मरणार आहे?"

"आणि तुझ्या बापाला एवढी कसली घाई? जन्मात कधी वेळेवर कामावर आला नाही तो."

यावर रिग्नींनी खालची झडप उचलली आणि पेटी रिकामी केली. गिननांनी त्यांना ढकलून खालची पाडली, वरची उचलली आणि पेटी भरली. रिग्नींनी पुन्हा रिकामी केली. एकही होडी न येता कालव्यावर इतकं काम झालेलं हॅकेटने नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. तो बाहेर आला आणि म्हणाला की कंपनीच्या नियमाप्रमाणे पाणी वाया घालवणं गुन्हा आहे. झडप उचलायचं लोखंडी हँडल तेव्हा एका गिननाच्या हातात होतं. कोणीतरी त्याच्या पाठीत काठी घातली, त्याने हँडल सोडलं, आणि झडपेच्या वजनाने ते गरकन फिरून हॅकेटच्या कोपरावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज दोन्ही काठांवर ऐकू आला. हॅकेट खाली बसला आणि नियमांबद्दल पुन्हा काही बोलला नाही.

एवढ्यात दोन्ही होड्या दिसल्या. वरून विनी, खालून मॅलकी. दोन्हीकडे रडणाऱ्या बायका, आणि आमच्या बायका रडायला लागल्या की पुरुषांचा हात आपोआप वर जातो.

पुढचं सांगायला शौर्याची भाषा वापरायची आमच्याकडे पद्धत आहे. मी ती टाळतो. टिम रिग्नीच्या कपाळावर दगड बसला आणि तो उभ्याउभ्याच थांबला, काहीतरी आठवत असल्यासारखा, मग पालथा पडला. एका गिननाचा कान दातांनी तोडला गेला आणि ज्याने तोडला त्याला तो थुंकावा की परत द्यावा ते ठरवता येईना. दोघं एकमेकांच्या गळ्याला धरून कालव्यात पडले आणि पाण्याखालीही सोडेनात. वर आले तेव्हा एकाचं बोट उलटं वळलं होतं. कब्रस्तानाच्या भिंतीपाशी फादर कडिही दोन्ही हात पसरून ओरडत होते, "दफनभूमी आहे ही! निदान शिव्या तरी इंग्रजीत देऊ नका!"

या सगळ्यात गिननांनी वरची झडप काबीज केली आणि पूर्ण उचलली. रिग्नींनी खालची काबीज केली आणि तीही पूर्ण उचलली. आता वरून येणारं पाणी खालून निघून जात होतं. पेटी भरेना की रिकामी होईना, आणि मधल्यामधे पाणी असलं की कोणतंच दार उघडत नाही. कालव्यावर जन्म काढलेली ही माणसं. पण ज्याने आधी झडप सोडली तो हरला, एवढंच दोन्हीकडे कळत होतं.

वरच्या बाजूला पाणी उतरू लागलं. विनीची होडी गाळात टेकली आणि एका अंगाला कलली. रडणाऱ्या बायका एकमेकींवर घसरल्या. खालच्या बाजूला उलट. सबीना शवपेटीवर हात ठेवून बसली होती, तिची होडी बांधाच्या वर येऊ लागली. पलीकडे रिग्नींची बटाट्याची शेतं तिला आता खाली दिसत होती.

"लॅरी!" ती ओरडली. "पाडा ती झडप! बांध फुटेल!"

"त्यांना आधी पाडू दे!" लॅरीचा आवाज आला. तो खालच्या दारावरच्या फळीवर उभा राहून हँडल दाबून धरत होता.

बार्टली गिनन फळीवरून त्याच्याकडे गेला. फळी हातभर रुंद. "सोड रे," तो म्हणाला.

"तू सोड."

"लॅरी, माझे हात मोकळे आहेत, तुझे नाहीत."

"मग मार ना, कशाची वाट बघतोस? पावाची?"

बार्टलीने काठी मारली. खांद्यावर मारायची होती असं तो नंतर सांगत होता, आणि मला ते खरं वाटतं. खांदा हलला आणि काठी मानेवर बसली. लॅरी पेटीच्या आतल्या बाजूला पडला. पोहता येत होतं त्याला. पण हँडल सुटूनही खालची झडप अडकून उघडीच राहिली होती, तिच्यातून अख्खा कालवा जात होता, आणि पाण्याने त्याला पायांना धरून त्या भोकाकडे ओढला आणि कमरेपर्यंत आत खुपसून ठेवला. डोकं पाण्याबाहेर येत होतं, जात होतं.

बार्टली फळीवर आडवा पडला, त्याची कॉलर धरली. कॉलर हातात आली.

"वरची पाडा!" तो ओरडला. "ह्यूई! वरची झडप पाड! लॅरी अडकलाय!"

"कोण लॅरी?"

"लॅरी रिग्नी!"

ह्यूईने क्षणभर विचार केला. "मग अडकू दे की."

"मरतोय तो!"

"आपण पाडली की पेटी रिकामी, आणि त्यांची होडी आत. तुला वेडा बनवतायत ते, बार्टली."

सबीनाला काही दिसत नव्हतं, दार मधे होतं. पण ऐकू येत होतं. ती होडीत उभी राहून ओरडली, "फिंटन! फिंटन गिनन! तुझ्या आईला जाऊ दे पुढे! माझा मॅलकी थांबेल! जाऊ दे तिला!"

फिंटन म्हणजे विनीचा मुलगा, बार्टलीचा बाप. त्याने हे ऐकलं. गिनन-रिग्नींच्या इतिहासात कोणी रिग्नी असं बोललेलं त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्यालाही हा डावच वाटला.

बार्टली फळीवरून धावत गेला आणि स्वतःच्या काकाच्या तोंडावर काठी मारली. ह्यूईचे पुढचे दात गेले. बार्टलीने झडप पाडली, तोवर त्याच्या पाठीवर गिननांच्याच काठ्या पडत होत्या. पेटी रिकामी झाली तेव्हा लॅरी तळाशी दाराला टेकून बसला होता, जळण भरून दमल्यावर बसायचा तसा.

त्याच वेळी खालचा बांध फुटला. पाणी बटाट्यांवर गेलं, आणि थोड्या वेळात डेरीमोरपर्यंतचा कालवा रिकामा झाला. सबीनाची होडी गाळात बसली. ती उतरली, गुडघाभर चिखलातून पेटीत गेली, लॅरीच्या तोंडातला चिखल बोटाने काढला. मग म्हणाली, "मॅलकीला उचला."

कोणी हललं नाही.

"मी त्याला सांगितलंय. उचला."

मारामारी थांबलीच होती. रिग्नींनी शवपेटी खांद्यावर घेतली आणि कालव्याच्या तळातून चालत पलीकडे नेली. दलदलीत कमरेपर्यंत रुतले तिथे दोन गिननांनीही खांदा दिला, तो कोणी नाकारला नाही. मॅलकी दुपारच्या आत पुरला गेला.

फिंटन गिनन टोपी काढून तिच्यापुढे आला. "सबीना, आमची आई थांबेल. लॅरीला आधी जाऊ दे."

सबीनाने मान डोलावली. एवढ्यावर ही गोष्ट संपली असती आणि आम्हाला सगळ्यांना बरं वाटलं असतं. पण संध्याकाळी पोलीस आले. त्यांनी सांगितलं की मृत्यू संशयास्पद आहे, चौकशी अधिकाऱ्यांनी बघितल्याशिवाय लॅरीला पुरता येणार नाही, आणि अधिकारी मासे धरायला गेलेत, शनिवारी येतील.

फिंटनने शब्द पाळायचा प्रयत्न केला. आईला त्याने कोठारात ठेवलं, ओल्या गोणपाटाखाली. पण मे महिना आपलं काम करत होता. गुरुवारी शेजाऱ्यांनी गुरं लांबच्या कुरणात हलवली. शुक्रवारी फादर कडिही स्वतः गेले आणि नाकाला रुमाल लावून म्हणाले, "फिंटन, दिलेला शब्द आणि देवाची आज्ञा यांत कधीकधी विरोध येतो." शुक्रवारी विनी पुरली गेली.

शनिवारी अधिकारी आले. पंचांनी सांगितलं की पाण्यात पडल्यामुळे मृत्यू, ईश्वरेच्छा; पडला कसा ते कोणी बघितलं नव्हतं. लॅरीला संध्याकाळी पुरलं. शेवटचा.

रविवारी चर्चबाहेर सबीना एकेकाची विचारपूस करत उभी होती.

"टोबीभाऊ, खोकला कसाय?"

"गेला बघ, देवाची कृपा."

"अस्सं. आणि तुमच्या वहिनी? त्या अंथरूण धरून होत्या ना?"

"पेरणीला आल्या की! काय विचारू नकोस, नवीन जन्म झालाय बाईचा."

सबीनाने परगण्यातली शेवटची आशाही अशी चालती-फिरती बघितली, घरी गेली, आणि सोमवारी सकाळी लॅरीची काठी घेऊन नॉकबेगला निघाली.

बार्टली अंगणात होडीला डांबर लावत होता. पाठ अजून निळी होती. तिला बघून तो उठला.

"काकू, आत या."

"तूच बाहेर ये. अंगणात नको, रस्त्यावर."

तो आला. खिडक्यांतून सगळे गिनन बघत होते. फिंटन दारात आला तेव्हा बार्टलीने हात वर केला. "बाबा, तुम्ही राहू द्या."

"लॅरी पाणी भरतोय," सबीना म्हणाली.

"माहितेय मला. तेव्हापासून झोपलोय का मी?"

तिने काठी मारली. खांद्यावर बसली, मग पाठीवर, मग पुन्हा खांद्यावर. बार्टली हात खाली सोडून उभा होता. तो जवान माणूस आणि ती साठी उलटलेली बाई. काठी जड, ती दमली. काठीवर टेकून तिने श्वास घेतला. घरातलं एक लहान पोर हसलं आणि त्याला कोणीतरी गप्प केलं.

"असं नाही होणार, काकू," बार्टली म्हणाला. तो गुडघ्यांवर बसला, टोपी काढून बाजूला ठेवली आणि मान वळवली. "इथे. कानाच्या वर. इथलं हाड पातळ असतं."

"डोळे मीट," ती म्हणाली.

"मिटले."

पोलिसांना गिननांनी सांगितलं की तो होडीवरून पडला. रिग्नींनीही तेच सांगितलं. अनेक पिढ्यांत दोन्ही घराण्यांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट. अधिकारी यावेळी लवकर आले, नदीला मासे नव्हते.

बुधवारी बार्टलीला पुरलं. आता शेवटचा तो. आमच्याकडे वैर्‍याच्या मयतालाही जावं लागतं, म्हणून सगळे रिग्नी आले आणि भिंतीला लागून उभे राहिले: पुतणे, सुना, सबीनाची लेक, तिची पोरं. कबरीवर शेवटचं फावडं पडलं आणि फिंटन गिननाने डोकं वर केलं. तो त्या रांगेकडे बघू लागला, सावकाश, एका टोकापासून, बाजारात जनावर बघतात तसं. पुतण्यांवरून त्याची नजर सुनांवर गेली, सुनांवरून लेकीवर.

सबीना भिंतीपासून दोन पावलं पुढे आली आणि त्याच्या नजरेच्या वाटेत उभी राहिली.